वाचकांचे प्रश्न : चौल-रेवदंडा कसे पाहावे?

प्रश्न : आम्ही दर हिवाळ्यात अलिबागला जातो आणि मुरुडकडे जाताना रेवदंड्याच्या किल्ल्यातून आमची गाडी पुढे निघून जाते. तटाची भिंत दिसते, माडांच्या गर्दीतून एक पडका मनोरा डोकावतो, आणि पाच मिनिटांत साळावचा पूल येतो. चौल हे कोकणातील एक मोठे बंदर होते असे वाचले आहे, पण ते बंदर आम्हांला कधी दिसलेच नाही. यंदा मुद्दाम तिथेच उतरण्याचा विचार आहे. काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि एक दिवस पुरेल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याला बंदर दिसले नाही, याचे कारण आपण प्रत्येक वेळी ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसते ओलांडत आलात. चौल-रेवदंडा हा एखादा सुटा किल्ला नाही. रोह्याकडून येणारी कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर तीरावर रेवदंडा आहे, दक्षिणेला कोर्लईच्या डोंगराची सोंड थेट पाण्यात शिरली आहे, आणि रेवदंड्याच्या पाठीशी, जमिनीच्या आतल्या अंगाला, जुने चौल पसरले आहे. मुखावर पहारा ठेवणारी टेकडी, मालाची चढउतार होणारे तटबंद गाव आणि मागची व्यापारी-विणकरांची मोठी वस्ती या तिन्हींचे मिळून बंदर होते. त्यांतले एकच पाहिले, तर बाकीच्या दोहोंचे प्रयोजन कळत नाही.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, आपण आरंभ रेवदंड्यापासून न करता कोर्लईपासून करावा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी पूल ओलांडून कोर्लई गावात जावे आणि दीपगृहाच्या मागच्या बाजूने वर जाणाऱ्या पायऱ्यांनी किल्ला गाठावा. चढ फार मोठा नाही. किल्ला अरुंद आणि लांबट असून डोंगराच्या कण्यावरून एकामागून एक दरवाजे ओलांडत उत्तरेच्या टोकाकडे जाता येते. वाटेत पाण्याची टाकी आहेत, छप्पर गेलेले चर्च आहे आणि पोर्तुगीज शिलालेख आहे. तिथून समोर पाहिले की कुंडलिकेचे मुख, पलीकडच्या तीरावर तटाने वेढलेली रेवदंड्याची झाडी आणि तिच्या मागे चौलच्या टेकड्या, हे सारे एका नजरेत येते. खाडीत शिरणारे गलबत या टेकडीवरच्या तोफांच्या माऱ्यातूनच जाणार, हे तिथे कोणी सांगावे लागत नाही.

या टेकडीचे महत्त्व निजामशाहीनेही ओळखले होते. पोर्तुगीजांना रेवदंड्यात बांधकामाची मोकळीक मिळाली ती अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून, १५२१ च्या सुमारास. निजामशाहीला घोडे हवे होते आणि घोडे समुद्रावाटे येत होते. पुढे संबंध बिघडले. १५७० मध्ये विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तझा निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला, परंतु दोन्ही वेढे निष्फळ ठरून १५७१ मध्ये तह झाला. त्यानंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून रेवदंड्याची नाकेबंदी करण्याचा घाट घातला, आणि तो किल्लाही १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतला. वरून खाडीकडे पाहताना हा सगळा इतिहास भूगोलातून उलगडतो. म्हणूनच मी कोर्लई आधी सांगतो.

तिथून उतरून रेवदंड्यात यावे आणि गाडी एका जागी ठेवून पायीच हिंडावे. अलिबाग-मुरुड रस्ता तटातूनच जातो, त्यामुळे गाडीत बसलेल्या माणसाला आपण एका पोर्तुगीज नगरातून चाललो आहोत याची जाणीव होत नाही. या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चारही पंथांची चर्चे आणि मठ होते. आपण पाहिलेला मनोरा म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या वास्तूचा भाग. लोक त्याला सातखणी म्हणतात. त्याचे वरचे खण केव्हाच कोसळले, तरी उरलेला भाग माडांच्याही वर जातो. त्याच्या तळाशी उभे राहून भिंतीची जाडी पाहावी आणि चुन्याची पकड पाहावी. नंतर समुद्राच्या बाजूला येऊन ओहोटीच्या वेळी तटालगत वाळूवरून चालावे. किल्ल्याची ही बाजू मला सर्वांत बोलकी वाटते, कारण इथे तट, माड आणि समुद्र यांच्यामध्ये दुसरे काहीच येत नाही.

दुपारनंतर चौल. रामेश्वराचे देऊळ आणि त्यासमोरची प्रशस्त पुष्करिणी पाहण्यासाठी घाई करू नये. या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत. ती एरवी बंद असतात आणि पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा सांगितली जाते. जवळपासच राजकोट या जुन्या कोटाचे अवशेष आणि हमामखान्याची, म्हणजे जुन्या स्नानगृहाची, वास्तू आहे. वेळ आणि पायांत बळ असेल तर हिंगळाजदेवीच्या टेकडीवर किंवा भोवाळ्याच्या दत्ताच्या टेकडीवर जावे. दत्ताच्या टेकडीवरून मावळतीला जे दिसते ते सकाळी कोर्लईवरून पाहिलेल्याचीच उलट बाजू असते : आता वस्ती पायाशी आणि समुद्र दूर. मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होणारी दत्ताची यात्रा मोठी भरते. यात्रेसाठी जायचे नसेल तर ते दिवस टाळावेत, कारण तेव्हा रस्ते भरलेले असतात आणि गाव निवांतपणे पाहता येत नाही.

एका दिवसात हे उरकता येते, परंतु मी एक रात्र मुक्काम करण्यास सांगेन. दिवसाच्या फेरीत वास्तू पाहून होतात, पण गावाचा अंदाज पहाटे आणि संध्याकाळीच येतो.

बंदर का मावळले, हे आपण विचारले नाही. तरीही तो विचार मनात घेऊन फिरलात तर अधिक दिसेल. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली आणि कंपनीने व्यापारी व कारागिरांना तिथे बोलावण्यास सुरुवात केली. चौलचे रेशमी कापड विणणारे लोकही तिकडे गेले. इकडे खाडीत गाळ साचत गेला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले, तोवर व्यापाराचा ओघ दुसरीकडे वळलेला होता. तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या बागा आहेत, त्या या घटनाक्रमामुळे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना चौलला नेण्याचा विचार आहे. मुलांना सनावळ्यांचा कंटाळा येतो. निघण्यापूर्वी त्यांना काय सांगावे?
(एक शिक्षक, सातारा)

उत्तर : निघण्यापूर्वी शक्य तितके थोडे सांगावे, आणि जे सांगायचे ते त्या त्या जागी उभे राहून सांगावे, असे माझे मत आहे. सुदैवाने चौलला तशा जागा आहेत.

पहिली जागा रेवदंड्यातील एका शाळेचे आवार. तिथे अफनासी निकितीन याचे स्मारक आहे. रशियातील त्वेर या गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पाव शतकाहूनही अधिक आधी, समुद्रमार्गे चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. चौलहून तो जुन्नरला गेला, तिथे त्याचा घोडा अधिकाऱ्याने काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो अशी अट घातली. अखेर त्याला घोडा परत मिळाला आणि तो बहामनी राजधानी बीदरला पोचला. मुलांना ही गोष्ट आवडेल, आणि तिच्यातून दोन गोष्टी आपोआप कळतील : दख्खनच्या राज्यांना समुद्रापलीकडच्या घोड्यांची किती गरज होती, आणि ते घोडे कोणत्या दाराने येत होते. निकितीनने सामान्य लोकांचा पेहराव, बाजार आणि सुलतानाच्या मिरवणुका यांविषयी लिहून ठेवले आहे. राजांची चरित्रे लिहिणाऱ्यांच्या काळात एका साध्या व्यापाऱ्याने केलेल्या या नोंदी असल्यामुळे त्यांचे मोल वेगळे आहे.

दुसरी जागा जुने चौल. इथे मुलांना सांगावे की इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे पेरिप्लसमध्ये, या बंदराचा उल्लेख येतो, दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमी त्याचे नाव घेतो, आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन करून प्राचीन वसाहतीचा माग काढला आहे. यापेक्षाही मला मोलाचा वाटतो तो अल-मसूदी या अरब प्रवाशाचा वृत्तान्त. तो इ. स. ९१६ मध्ये इथे आला होता. त्या वेळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली शिलाहार घराण्यातील झंझ राजा राज्य करीत होता, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या बंदरात राहत होते, असे तो नमूद करतो. हजार वर्षांपूर्वी कोकणातील एका गावात किती तऱ्हेचे लोक शेजारी शेजारी नांदत होते, हे मुलांच्या मनात भरवण्यासाठी एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

तिसरी जागा कोर्लई गाव. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेपासून तयार झालेली एक बोली तिथल्या ख्रिस्ती समाजात आजही घरात बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर असतील. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, परंतु वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखे. आपली मुले व्याकरण शिकत असतील तर त्यांना यातली गंमत लगेच समजेल. मात्र गावकऱ्यांना अडवून ‘बोलून दाखवा’ म्हणणे बरे नव्हे. आधी गावातल्या कोणाशी बोलून ठेवावे, एखाद्या वडीलधाऱ्याने आनंदाने चार वाक्ये ऐकवली तर ती मुलांनी आदराने ऐकावीत.

चौथी जागा रेवदंड्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाचे, प्रार्थनामंदिर. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. प्रार्थनामंदिर आतून पाहायचे असेल तर देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि शनिवारी जाऊ नये.

लढाईची गोष्ट मुले मागतीलच. ती रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाकडे तोंड करून सांगावी : मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आणि दीवचा मलिक अयाझ त्याच्या मदतीला, अशा दोघांनी पोर्तुगीज जहाजांना इथे गाठले, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवच्या समुद्रात सूड उगवला. कैरोचे जहाज कोकणच्या खाडीत का आले, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर आपली सहल सार्थकी लागली असे समजावे. मिऱ्यांच्या व्यापारातून इजिप्तला मिळणारी जकात पोर्तुगीजांनी तोडली होती, हे त्याचे उत्तर.

प्रश्न : रेवदंड्याचे कितीतरी अवशेष नारळी-पोफळीच्या खाजगी वाड्यांमध्ये आहेत असे ऐकले. तिथे जाता येते का? शिवाय चौलच्या शेतांत आणि वाड्यांत जुन्या चिनी भांड्यांची खापरे पडलेली दिसतात म्हणतात. ती घरी आणली तर चालते का?
(एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, विचारून जाता येते. या वाड्या सहलीसाठी ठेवलेल्या बागा नाहीत; तिथल्या कुटुंबांची उपजीविका त्यांवर चालते. फाटकापाशी थांबून हाक द्यावी, आपण कशासाठी आलो ते सांगावे आणि होकार आला तरच आत जावे. आत पाण्याचे पाट असतात, नवी रोपे असतात, सुपारी वाळत घातलेली असते. घरातल्या माणसाने दाखवलेल्या वाटेनेच चालावे. माडाखाली उभे राहून छायाचित्रे काढण्यात वेळ घालवू नये, कारण वरून नारळ किंवा झावळी पडण्याचा धोका खरा आहे. बहुतेक वेळा घरचे लोक स्वतःहून बरोबर येतात, आणि कोणती भिंत कोणत्या पावसाळ्यात पडली हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांचे ऐकावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. खापरे दिसतात हे खरे, कारण या बंदरात चीनपर्यंतचा माल येत होता. परंतु खापराला अर्थ असतो तो ते जिथे पडले त्या जागेमुळे. ते कोणत्या थरात, कोणत्या मडक्यांच्या आणि कोणत्या विटांच्या सोबत सापडले, यावरून संशोधक काळ ठरवतो. आपल्या दिवाणखान्यातील कपाटात ते केवळ निळ्या नक्षीचा तुकडा होऊन राहते. शेकडो पर्यटकांनी एकेक तुकडा उचलला तर चौलच्या जमिनीच्या पृष्ठभागावरचा पुरावा नाहीसा होईल, आणि तो पुन्हा कधीही मिळणार नाही. दिसले तर बाजूला एखादी वस्तू मापासाठी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ते तिथेच राहू द्यावे. नाणे किंवा मौल्यवान वस्तू जमिनीत सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. रेवदंडा आणि कोर्लई हे दोन्ही किल्ले केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे भिंतीवर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चारशे वर्षांच्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली नावे पाहून मला फार वेदना होतात, म्हणून न विचारताही हे लिहीत आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय पंचाहत्तर असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला यातले काय पाहता येईल?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुष्कळ काही पाहता येईल. कोर्लई आणि टेकड्यांवरची देवळे सोडावीत, कारण तिथे पायऱ्यांना पर्याय नाही. रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करिणीचा परिसर सपाट आहे. पुष्करिणीच्या पायऱ्या उतरण्याचा मोह मात्र टाळावा. रेवदंड्यातील वेशीचा दरवाजा रस्त्यालगतच आहे आणि समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी बसता येते. कोर्लईच्या दीपगृहाच्या बाजूला खाली थांबूनही समुद्र आणि किल्ल्याची उंची दोन्ही दिसतात. बाकीची मंडळी वर जाऊन येईपर्यंत आईंना एकटे मात्र ठेवू नये, कोणी तरी सोबत थांबावे.

प्रश्न : मुंबईहून बोटीने जायचे आहे. कोणता काळ चांगला, आणि भरती-ओहोटीचा अंदाज आधी कसा घ्यावा?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात, साधारणपणे जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे आणि तिच्यात गाडीही नेता येते. पावसाळ्यात तिचे वेळापत्रक हवामानावर अवलंबून असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा; या मार्गावर एसटीच्या गाड्या आहेत. पावसाळ्यातले चौल हिरवेगार असते हे खरे, परंतु कोर्लईच्या पायऱ्या आणि पडके तट शेवाळाने निसरडे होतात, गवतात साप असतात आणि जुन्या भिंती त्याच दिवसांत ढासळतात. त्या काळात गेलात तर देवळे पाहावीत, अवशेषांच्या आत जाऊ नये.

भरतीचा अंदाज घेण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर तिथीचा जुना हिशेब वापरतात. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची सुमारे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास येते. हा ठोकळ हिशेब आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच खूप मागे सरते. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा भरतीही कमी आणि ओहोटीही कमी. याचा व्यवहारात अर्थ असा की, अष्टमीला भर दुपारी ओहोटी असली तरी पाणी पुरते ओसरत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर हे विशेष ध्यानात ठेवावे, आणि परतीचे पाणी चढण्यापूर्वी किनाऱ्यावर यावे. तिथल्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

रेवदंड्याच्या तटालगत वाळूवरून चालण्यासाठी तृतीया ते पंचमीचे दिवस मला सोयीचे वाटतात, कारण तेव्हा सकाळची ओहोटी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान येते. कोर्लई आधी पाहायचे ठरवले असेल तर पंचमी किंवा षष्ठी निवडावी, म्हणजे पहाटे लवकर टेकडी चढून, उतरून रेवदंड्याला पोचेपर्यंत पाणी मागे गेलेले असेल. खाडीच्या मुखाशी मात्र पोहण्यासाठी उतरू नये. नदीचे पाणी आणि भरती-ओहोटीचा प्रवाह तिथे एकत्र येतात, ओढ वरून दिसत नाही, आणि चांगला पोहणाराही तिच्यात सापडतो.